वाकड्या नाल्याचे ठिपके

चेरीतालच्या मागच्या वस्तीत सार्वजनिक नळ मंजूर झाला. तो वस्तीच्या बरोबर मध्यावर बसवायचं ठरलं होतं. वस्तीच्या एका कडेला नाला, दुसऱ्या कडेला रस्ता. ओव्हरसियरने चुन्याची फुली मारली. शेजारीच ठेकेदाराचं घर. संशयाला मला तेवढं पुरलं.

घरी वस्तीचा नकाशा भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला आणि कडेकडेने ठिपके देत बहुभुज पुरा केला. आकृतीचा मध्य काढायची सोय त्यात होती. मी ती बघितलीच नाही. ठिपक्यांची सरासरी काढली. मध्य नाल्याकडे आला, फुलीपासून तीसेक पावलं दूर. लगेच हिंदीत पत्रक लिहिलं. पत्रकं वाचतच मी वाढले, शब्द शोधावे लागले नाहीत. ओव्हरसियरला ‘बेईमान’ म्हटलं, तेही ठळक टायपात. वस्तीभर स्वतः चिकटवलं.

बाबा फॅक्टरीतून रिटायर झालेले फिटर. त्यांनी स्क्रीन बघितली.

“सगळे ठिपके नाल्याकडंच काहून दिले?”

“नाला वाकडा आहे, बाबा. वळणावळणाला द्यावे लागले.”

“अन् रस्त्याकडं?”

“दोन. तो सरळ आहे.”

“अच्छा! नाल्याले सतरा मतं, रस्त्याले दोन. निवडणूक घेऊन राहिली का तू?”

त्यांनी नकाशा पुठ्ठ्यावर डकवून कापला, एका कोपऱ्यातून टाचणीला लटकवला, नट बांधलेला दोरा सोडला आणि दोऱ्याखाली रेघ मारली. मग दुसऱ्या कोपऱ्यातून तसंच. रेघा फुलीवर छेदल्या. मी सॉफ्टवेअरमधली ती सोय वापरली. ठिपका तिथेच पडला. बाबांनी दोऱ्याचा नट सोडवून खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर खड्ड्यापाशी भेटला. मी चूक सांगितली, माफी मागितली.

“पर्चा मेरी बिटिया ने पढ़ लिया, दीदी,” तो म्हणाला. “पूछ रही थी, पापा, इसमें आपको लिखा है क्या?”

आणि टेप घेऊन मापाला लागला.

चूक कबूल करणारं दुसरं पत्रक मी छापलं. तोवर नळ सुरू झाला होता. भांडी भरणाऱ्या बाया म्हणाल्या, “नल तो लग गया दीदी, अब काहे का पर्चा?” एकीने ते घड्याखाली दाबलं, न वाचता.

पहिलं पत्रक समोरच्या भिंतीवर होतं. मी नखांनी खरवडायला लागले. खळ मीच घट्ट शिजवली होती. कडा निघाल्या, ठळक टायपातला तो शब्द निघेना. नळावरून पाणी आणलं, कागद भिजवला आणि पुन्हा खरवडत बसले.