ओढणी आउट, बायको नॉट आउट

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत बेसबॉलच्या चॅम्पियनशिपवरून जी भांडणं झाली, त्यांच्याशी आमच्या घराण्याचा काहीएक संबंध नव्हता. आम्ही मूळचे चिपळूणचे. तरीही त्यातलं एक भांडण नव्वदच्या दशकात आखातातल्या फुजैराला आलं आणि थेट आमच्या टू बेडरूममध्ये मुक्कामाला राहिलं.

त्याला आणलं डग्लस साहेबांनी. हे आमच्या ऑइल टर्मिनलचे मॅनेजर. माणूस भला, पण वेड जुन्या बेसबॉलचं. आजच्या नव्हे! सीझन संपल्यावर दोन लीगचे विजेते एकमेकांना भिडायचे, त्या अगदी सुरुवातीच्या मालिकांचं. तेव्हा खेळाडूंना ग्लोव्हज नव्हते, अंपायर एकटाच असायचा आणि त्याला सगळे मनसोक्त शिव्या द्यायचे. हे साहेब इतक्या प्रेमाने सांगत, की वाटावं, शिव्या द्यायला स्वतः हजर होते.

"तुला बेसबॉल कळतो?" त्यांनी मला एकदा विचारलं.

आता, दुबईच्या हेड ऑफिसात असिस्टंट मॅनेजरची जागा रिकामी होती आणि शिफारस साहेब करणार होते. अशा वेळी माणसाला काय कळत नाही?

"सर, लहानपणापासून!" मी म्हणालो.

झालं! साहेबांनी जुन्या पद्धतीची तीन सामन्यांची मालिका जाहीर केली. ऑफिस विरुद्ध यार्ड. ऑफिसचे कॅप्टन साहेब, यार्डचा कॅप्टन सावंतवाडीचा क्रेन ऑपरेटर दत्ताराम. शेवटी बरोबरी झाली तर कप ऑफिसला (हा नियम साहेबांनीच केला, म्हणून तो न्याय्य होता). आणि अंपायर मी! जुना अंपायर सुटात शोभतो म्हणून मी लग्नातला काळा कोट चढवला. वाळूच्या मैदानावर ऊन असं, की मागून येणाऱ्याला वाटावं, कोटच चालत निघालाय.

दोन शुक्रवार बरे गेले. एक सामना ऑफिसने जिंकला, एक यार्डने. तिसऱ्या शुक्रवारी यार्डचा एक गडी जेटीवर जहाज आल्यामुळे अडकला.

"वहिनी, तुम्हीच या!" दत्ताराम सामना बघायला आलेल्या माझ्या बायकोला म्हणाला.

"अरे, ती कशी..." मी सुरुवात केली.

"का? मला पाय नाहीत?" विद्या म्हणाली. तिने ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेशी बांधली. शाळेत ती खो-खोची कॅप्टन होती, ही माहिती लग्नाआधी मला कुणी दिली नव्हती.

"वंडरफुल!" साहेब ओरडले.

शेवटच्या डावात धावा सारख्या आणि बॅटिंगला विद्या! तिने पहिलाच चेंडू असा हाणला, की तो पार्किंगमधल्या पिकअपखाली गेला. ऑफिसचे चार जण पोटावर झोपून तो काढेपर्यंत बाईंनी तीन कोपरे ओलांडले होते.

"यल्ला वहिनी, यल्ला!" सगळं यार्ड किंचाळत होतं.

चौथ्या कोपऱ्यावर, म्हणजे 'होम'वर, साहेब उभे. तिथे पाय टेकायच्या आत हातातला चेंडू अंगाला लावला, की गडी बाद. चेंडू त्यांच्या हातात आला आणि त्याच क्षणी विद्या त्यांना हुलकावणी देऊन आत झेपावली. साहेबांनी हात फिरवला. चेंडू लागला. पण कुठे? कमरेची गाठ सुटून मागे फडफडणाऱ्या ओढणीला!

"आउट!" साहेब म्हणाले.

"ओढणीला लावलाय, मला नाही!" विद्या म्हणाली.

"बाबा, शी वॉज टोटली सेफ!" ही आमची नऊ वर्षांची मुक्ता.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका बाजूला दुबईची जागा, दुसऱ्या बाजूला रात्रीचं जेवण. कोटाच्या आत घामाचा महापूर. ओढणी हा खेळाडूचा भाग असतो की नाही, हे लहानपणापासून बेसबॉल कळणाऱ्या मला कसं ठाऊक असणार?

मी घसा साफ केला. "सर... दुपट्टा आउट, वाइफ नॉट आउट!"

यार्डने "जिंकलो!" म्हणून विद्याला खुर्चीत बसवून उचललं. ऑफिसवाल्यांनी "कप आमचा!" म्हणून रागाने मैदान सोडलं. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार मल्याळम, उर्दू, मालवणी आणि अरबीत झाला. आता खलास, मी मनात म्हटलं.

आणि साहेबांनी मला मिठी मारली! डोळ्यांत पाणी.

"त्या काळी अगदी हेच झालं होतं! अंपायरवर चिडून टीम मैदान सोडून गेली आणि शेवटी दोघेही म्हणाले, चॅम्पियन आम्हीच! मालिकेचा निकाल, अनिर्णित!"

"म्हणजे मी जिंकले की नाही?" विद्याने मला मराठीत विचारलं.

"एका अर्थी..."

"एका अर्थी म्हणजे?"

त्या रात्री जेवणात मला एका अर्थी वरण होतं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी नवा टाय लावून गेलो.

"दुबईच्या जागेचं," ते म्हणाले, "तिथे ठाम निर्णय घेणारा माणूस हवा."

"येस सर!"

"मागे न हटणारा."

"येस सर!"

"तुझी बायको मुंबईला नोकरी करत होती ना? काय शिकलीय?"

विद्या एम.कॉम. आहे, ऑडिटमध्ये होती. इंटरव्ह्यूला तिला गाडीने मीच दुबईला नेलं, मुक्ताही सोबत होती. ती आत गेली आणि रिसेप्शनवरच्या मुलीने मला नीट न्याहाळून विचारलं, "आप मॅडम के ड्रायवर हैं?"

मी तोंड उघडायच्या आत मुक्ता म्हणाली, "येस. बट ही इज नॉट व्हेरी गुड."