साडूंची बिनचाकी एसटी

आमच्या साडूंइतका माणसाला गोंधळात टाकणारा माणूस अख्ख्या कोरेगाव तालुक्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तोही नुकताच आमच्या साडूंशी दोन घटका बोलून आलेला असणार. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. थोरली त्यांना दिली, धाकटी मला, आणि दोघींनी एकमेकींना सोडून राहायचं नाही असं ठरवल्यामुळे आमची घरंही एकाच गल्लीत आली. त्यामुळे हा गोंधळ मला रोजचा आणि घरपोच मिळत आला आहे. साडू एसटीत कंडक्टर होते. सातारा-सांगली या एका मार्गावर त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर खाकी कपडे उतरले, पण आतला कंडक्टर काही उतरला नाही. घरी पाहुणे आले की ते "या, बसा" म्हणत नाहीत, "आत सरकून घ्या" म्हणतात. बारशाला गेले की पाळण्यात डोकावून "ह्याचं अजून हाफ तिकीटबी न्हाई" असा शेरा देतात. माझ्या लग्नात पंगती बसवायचं काम त्यांच्याकडे होतं, तर त्यांनी दोघांच्या बाकावर तिघं-तिघं बसवत आणले आणि माझ्या मामांना "उभ्यानं चालंल का, पुढं जागा हुईल" असं विचारलं. मामा आजतागायत त्यांच्याशी बोलत नाहीत.

माझी मुलगी ओवी चौथीत आहे. तिच्या व्यायामाचं काय करायचं, हा आमच्या घरातला जुना प्रश्न. शाळेच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचा तास छापलेला आहे. त्या तासाला काय करता, असं मी एकदा विचारलं तर ती म्हणाली, "गणित." शाळेच्या अर्ध्या मैदानावर नवीन वर्गांचं बांधकाम चाललंय आणि उरलेल्या अर्ध्यात मुलांना आणणाऱ्या गाड्या उभ्या असतात. मी तिला कराटेला घातलं, मग स्केटिंगला घातलं. दोन्हीकडे मीच तिला मोटरसायकलवरून सोडत असे आणि तिचं शिकून होईपर्यंत समोरच्या गाड्यावर भजी खात असे. त्यामुळे व्यायाम कोणाचा चाललाय आणि वजन कोणाचं वाढतंय याचा काही मेळ लागेना. साडूंपुढे हे गाऱ्हाणं मांडलं तर ते म्हणाले, "आवं पाव्हणं, पोरांस्नी व्यायाम कशाला शिकवायचा? रस्ता द्या की. पोरगं रस्त्याला लागलं की आपसूक पळतंय." हे मला पटलं, पण रस्ता द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं ते कळलं नाही.

ते कळलं गल्लीतल्या मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनवाल्याच्या लग्नाच्या दिवशी. व्हॅनवाला तिकडे बोहल्यावर उभा होता आणि इकडे गल्लीतली सगळी मुलं दप्तरं घेऊन कोपऱ्यावर उभी होती. साडू दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून ते बाहेर आले आणि म्हणाले, "चला, बसून घ्या, गाडी लागलीया." मुलांनी इकडेतिकडे पाहिलं. गाडी कुठेच नव्हती. "हीच की गाडी," असं म्हणून साडूंनी मुलांना दोन-दोनच्या जोड्यांत उभं केलं, लहानग्यांना पुढे आणि दांडगटांना मागच्या सीटवर. स्टीलच्या बाटलीवर किल्लीने दोन टोले दिले आणि गाडी निघाली. नवरदेव चार दिवसांनी कामावर आला तेव्हा आमच्या गल्लीतलं एकही मूल व्हॅनमध्ये बसायला तयार नव्हतं. त्याला दुसऱ्या गल्ल्या मिळाल्या, पण साडूंनी आपल्याला हा असला आहेर का केला हे त्या बिचाऱ्याला कधी उमगलं नाही.

साडूंच्या गाडीला मार्ग एकच ठाऊक. आमची गल्ली म्हणजे सातारा आणि शाळा म्हणजे सांगली. वाटेतली पिठाची गिरणी उंब्रज, पाण्याची टाकी कराड, रसवंती इस्लामपूर आणि मारुतीचा पार आष्टा. उंब्रज ते कराड हायवे, म्हणून तिथे गाडी पळवायची, म्हणजे सगळ्यांनी पळायचं. इस्लामपूरच्या पुढे रस्ता खराब, म्हणून उड्या मारत जायचं. साडू मध्येच "पंक्चर" म्हणाले की अख्खी गाडी लंगडी घालणार. कराडला गाडी जरा जास्त थांबायची, तेवढ्यात टाकीखालच्या कट्ट्यावर चढउतार करून घ्यायची. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की "रस्त्याचं काम चालू हाय, गाडी बाजूनं जाईल" असं जाहीर करून ते सगळ्यांना बांधावरून न्यायचे. मुलं शाळेच्या गेटवर पोचायची ती घामाघूम, गुडघ्यापर्यंत चिखलात आणि अतिशय खुशीत.

याचा परिणाम असा झाला की आमच्या गल्लीचा भूगोल पार बिघडला. एका पाहुण्यांनी पोरांना गिरणीचा पत्ता विचारला तर पोरांनी त्यांना सरळ उंब्रजला जायला सांगितलं. पाहुणे उंब्रजहूनच आलेले होते. ते बराच वेळ चौकात नुसते उभे होते. पहिलीतल्या एका मुलीने वर्गात सांगितलं की मी रोज साताऱ्याहून सांगलीला चालत येते. बाईंनी काळजीने तिच्या आईला बोलावून घेतलं, तर आई म्हणाली, "हो, पण मध्ये कराडला थांबतात ना." त्यावर बाई भिंतीवरचा नकाशा बघायला गेल्या. माझीही गत वेगळी नव्हती. हा व्यायाम म्हणायचा, खेळ म्हणायचा की निवृत्त माणसाची हौस, मला ठरवता येईना. शेवटी मी विचारलं, "दाजी, हे नेमकं चाललंय तरी काय?" साडू म्हणाले, "सर्व्हिस." मी घरी येऊन बायकोला तेच सांगितलं आणि आम्ही दोघं गोंधळलो.

गेल्या दिवाळीनंतर गाडीचे थांबे हलायला लागले. एक दिवस इस्लामपूर कराडच्या आधी आलं. गल्लीतली सगळी मुलं, नात्याने भाची असलेली ओवीसुद्धा, साडूंना आजोबाच म्हणत. त्यांना वाटलं, आजोबांनी नवा खेळ काढला. मग एके दिवशी साडू मारुतीच्या पारापाशी थांबले आणि ओवीला म्हणाले, "हे कंचं गाव गं?" ती म्हणाली, "आष्टा, आजोबा." "मग बरोबर हाय," म्हणून ते पुढे निघाले. ओवीने घरी हे हसत सांगितलं आणि मीही हसलो. अक्का, म्हणजे साडूंची बायको, मात्र हसल्या नाहीत. त्या त्यांना साताऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. हा विसरण्याचा आजार आहे आणि तो हळूहळू वाढत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. हळूहळू म्हणजे अजून अवकाश आहे, असं आम्ही धरून चाललो आणि गाडी चालू राहिली.

आणि मग तो सोमवार उजाडला. टाकीपाशी साडू शाळेकडे वळायच्या ऐवजी बाजाराकडे वळले, आणि मुलं त्यांच्यामागून गेली. गल्लीतलं एकही मूल पोचलं नाही असा शाळेतून फोन आला, तेव्हा आम्ही सगळे आईबाप वाट फुटेल तिकडे धावलो. सगळी सापडली ती खऱ्या एसटी स्टँडवर. मुलं फलाटावर जोडीजोडीने नीट उभी होती आणि साडू एकेका बसची पाटी वाचत फिरत होते. मला बघून म्हणाले, "पाव्हणं, माझी गाडी कंची वो? पोरं खोळंबल्यात." इतकी वर्षं ते मला गोंधळात टाकत आले होते. त्यांना स्वतःला गोंधळलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते सोसवलं नाही.

संध्याकाळी आमच्या ओसरीवर सगळे जमले. "आज स्टँडवर सापडली, उद्या हायवेला गेली तर?" एका मुलाच्या वडिलांनी विचारलं. त्यांचं काय चुकलं होतं? उद्यापासून व्हॅन, असं ठरलं, आणि ते साडूंना सांगायचं काम नात्याने माझ्या गळ्यात पडलं. मला वाटलं, ते भांडतील. ते म्हणाले, "बरोबर हाय. पोरं लोकाची हायत." मग म्हणाले, "पर मग सकाळी मी करायचं काय?" मी चहा न घेताच उठून आलो.

व्हॅन सुरू झाली. मुलं तिच्यात पोत्यांसारखी भरली जात आणि आंबलेल्या तोंडाने शाळेत उतरत. साडू पहाटेच अंघोळ करून तयार व्हायचे, व्हॅन जाताना दारातून बघायचे आणि परत खाटेवर जाऊन बसायचे. ते धड जेवतही नाहीत, असं अक्का सांगत होत्या. एका सकाळी ओवी बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाली, "बाबा, आजोबा रस्ता विसरतात, पण आम्हाला पाठ आहे की. मग अडलंय कुठं?" मी दिवसभर माझ्या दुकानात बसून विचार केला, मला काही ते सापडेना. पुढच्या रविवारी मी तिचाच प्रश्न ओसरीवर मांडला. ते हायवेची भीती घालणारे वडीलच शेवटी म्हणाले, "मागं रोज एक मोठं माणूस चालणार असंल तर माझं पोरगं येईल." काहींनी व्हॅनच ठेवली. बाकीच्यांची गाडी पुन्हा सुटली.

आता पुढची जोडी थांब्यांची नावं मोठ्याने सांगते, साडू मान डोलावतात, आणि शेपटाला आमच्यापैकी एक जण असतो. माझा वार बुधवार. पंक्चर झालं की मलाही लंगडी घालावी लागते, त्यात मोठ्यांना सवलत नाही. मुलं साडूंना शाळेपर्यंत नेतात की साडू मुलांना, हे मला मागून बघूनही सांगता येत नाही.

परवाच्या बुधवारी शाळेअलीकडचा मोठा रस्ता ओलांडायचा होता. उसाचे ट्रॅक्टर एकामागोमाग एक चालले होते. मी साडूंचा हात धरायला पुढे झालो, तेवढ्यात त्यांनीच माझं मनगट पकडलं आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. मी कोण, ते त्यांना आठवत नव्हतं. "भिऊ नगंस रं," ते म्हणाले, "माझ्यासंगं चल. गाड्या जाऊ देत आधी." ट्रॅक्टर गेले. त्यांनी दोन्हीकडे बघितलं आणि मला पलीकडे नेलं. चांगला पन्नाशीचा बाप्या मी, पण गेट येईपर्यंत हात सोडवून घेतला नाही.