भिंतीवरची कुलपं आणि हौदातलं पाणी

किस्से साठवायला काही करावं लागत नाही बघा. जन्मभर कंपाउंडरकी केली, घरात दोनच गोष्टी साठल्या: रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या सुनेनं मागच्या दिवाळीला भंगारवाल्याला देऊन टाकल्या. किस्से कुणी घेत नाही म्हणून राहिलेत. बसलाच आहात तर ऐका.

आमचा दवाखाना तिसगावात. साल विचारू नका, महायुद्ध चालू होतं. रॉकेल रेशनवर, आणि लोखंड तर बघायलाही मिळत नव्हतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं विहीर आणि विहिरीशेजारी चांगला मोठा हौद. डॉक्टर दामले, नर्स गंगूबाई आणि मी, रघुनाथ कंपाउंडर, अशी तीन माणसं पगारी. चौथा बिनपगारी, समोरच्या लिंबाखाली भाता लावून बसणारा हुसेनभाई लोहार.

लोहार दवाखान्यात कशाला, असं वाटलं ना? तिथूनच सुरुवात करतो.

*

दामले डॉक्टरांनी पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात दोन वर्षं काढली होती. तिथून आमच्या कोरड्या मुलखात कशाला आले, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. खोकला, हगवण, खरूज सगळं बघायचे, पण जीव गुंतलेला एकाच गोष्टीत. आमच्याकडं एखाद्याचं डोकं फिरलं की त्याला साखळीनं बांधायचे. गोठ्यात, झाडाला, देवाच्या ओवरीत. डॉक्टर म्हणायचे, "मलेरियाच्या माणसाला बांधता का? मग याला का?"

त्यांचा नियम एकच. पेशंटला मोकळा आणायचा, आणि साखळीचं कुलूप घरच्या माणसानं स्वतःच्या हातानं दवाखान्यात जमा करायचं. मगच औषध. जमा झालेलं कुलूप भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचं.

पहिलाच पेशंट आला तो साखळीसकट. किल्ली हरवलेली, कुलूप गंजलेलं. हुसेनभाईला हाक मारली. त्यानं साखळी हातात घेतली, कडी न् कडी फिरवून पाहिली आणि मान हलवली.

"डॉक्टरसाब, ही तुटायची नाही."

"का?"

"मी बनवलीय."

तोडायला दुपार झाली. घामानं निथळत होता, पण चेहऱ्यावर असा अभिमान की विचारू नका! डॉक्टरांनी विचारलं, मोबदला काय देऊ? तर म्हणाला, हे लोखंड द्या. चार दिवसांनी त्यानं त्या साखळीचं खुरपं करून आणलं आणि त्याच पेशंटच्या हातात दिलं. तेव्हापासून तीच रीत पडली. साखळी लिंबाखाली जायची, खुरपं परत यायचं, आणि ज्याची साखळी त्याचं खुरपं.

*

आता एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

ज्या दिवसांत मी त्या भिंतीवर दुसऱ्यांची कुलपं टांगत होतो, त्याच दिवसांत तिथून दोन कोसांवर, माझ्या घरी, गोठ्याशेजारच्या खोलीत माझा थोरला भाऊ साखळीला होता. दगडूदादा. आधी बोलायचा बंद झाला. मग एका दुपारी त्यानं विहिरीत उडी टाकली. लोकांनी जिवंत काढला, पण आईनं धसकाच घेतला. ती माउली म्हणायची, बांधलेला का होईना, डोळ्यांपुढं राहील. किल्ली माझ्या करदोट्याला. धाकट्या बहिणीचं लग्न ठरवायचं होतं, म्हणून दवाखान्यात मी अवाक्षर काढलं नव्हतं.

दर रविवारी घरी जाऊन त्याला आंघोळ घालायचो. तो अंग चोरायचा, पाणी सांडायचा, मी चिडायचो. नको तो शब्द तोंडातून जायचा. वाटायचं, त्याला कुठं कळतंय.

*

त्या शब्दावरनंच दवाखान्यात दुसरा नियम निघाला. डॉक्टरांनी ओट्यावर उभं राहून सांगितलं, या आवारात 'येडा', 'येडी' म्हणायचं नाही. जो म्हणेल त्यानं विहिरीतून दोन बादल्या शेंदून हौदात टाकायच्या. पेशंट असो, पाटील असो, नाहीतर मी असो.

गंगूबाई आतून तापत आल्या. सहा फूट बाई, आवाज त्याहून मोठा. म्हणाल्या, "हा नियम करनारा येडा कोन हाय?"

डॉक्टरांनी बादली त्यांच्यापुढं ठेवली.

त्या उन्हाळ्यात अख्ख्या गावाचे हौद कोरडे आणि आमचा काठोकाठ. एक गडी बायकोला घेऊन आला, तिची हकिकत सांगता सांगता त्यानं चौदा बादल्या भरल्या. बायको ओट्यावर बसून बघत होती. डॉक्टर नंतर मला म्हणाले, निम्मा इलाज तर तिथंच झाला.

*

डॉक्टरांना भाषणाचाही नाद. बाजाराच्या दिवशी मिरचीवाल्या आणि दोरखंडवाल्याच्या मधे खोकं टाकायचं, पत्र्याचा कर्णा घ्यायचा आणि सुरू. डोकं बिघडणं हा आजार आहे, करणी नाही, बाधा नाही, कुणाचं पाप नाही. लोक मेथीची जुडी काखेत धरून ऐकायचे.

एकदा मागून एक म्हातारा ओरडला, "डाक्तर, हिवताप डासानं व्हतो म्हन्ता. मग ह्यो कशानं? डासानं का सासऱ्यानं?"

बाजार हसला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्या घरी जास्त कोण चावतं, त्यावर आहे."

म्हातारा पुढच्या बाजाराला सुनेला घेऊन दवाखान्यात हजर. म्हणाला, मीच चावतो असं ही म्हणते, तपासा.

*

येसूबाईची गोष्ट वेगळी. तिच्या लेकाला फेफरं यायचं. तो थरथरत पडला की लोक म्हणायचे अंगात आलं. मंगळवारी तर कौल मागायला दारात गर्दी, नारळांचा ढीग. शेवटी एकदा तो चुलीत पडून भाजला तेव्हा ती रडत डॉक्टरांकडं आली. गोळ्या चालू केल्या. दोन महिन्यांत फेफरं थांबलं, पोरगा औत हाकायला लागला.

येसूबाई पुन्हा आली. तोंड उतरलेलं. डॉक्टर घाबरले, परत पडला का? ती म्हणाली, नाही हो, छान आहे. मग पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "डाक्तर, मंगळवारची तेवढी गोळी न्हाई दिली तर चालंल का?"

डॉक्टरांनी बादलीकडं पाहिलं, पण या गुन्ह्याला नियम नव्हता.

*

हळूहळू एक पंचाईत झाली. लोक शहाणे झाले! आवारात पाऊल टाकलं की जपून बोलायचे. 'आजारी हाय', 'मन ठिकानावर न्हाई', असं काय काय. शब्द ऐकू येईना आणि हौद तळाला गेला. गंगूबाई कुरकुरायला लागल्या की सुधारणा झाली ते ठीक, पण आता पाणी मलाच ओढावं लागतंय. येणाऱ्याला त्या मुद्दाम विचारायच्या, "काय झालंय ह्याला? सरळ सांगा की एका शब्दात." पण कुणी फसायचं नाही.

*

भिंतीवर कुलपांची रांग झाली होती. रांगेच्या शेवटी डॉक्टरांनी एक खिळा जास्तीचा ठोकून ठेवलेला. तो रिकामाच असायचा. नवीन कुलूप आलं की ते दुसरा खिळा ठोकायचे, त्याला हात लावायचे नाहीत. मला वाटायचं, असेल काही लहर.

एका दुपारी हुसेनभाई पाणी प्यायला आला. तांब्या खाली ठेवला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "रघू, पाथर्डीपर्यंतच्या साखळ्या माझ्याच हातच्या. सगळ्या परत आल्या. एक राहिली."

माझा हात करदोट्याकडं गेला. दादाची साखळी त्यानंच केली होती, हे मी विसरलो नव्हतो, तो विसरला असेल असं मी धरून चाललो होतो.

त्या रविवारी कुलूप काढलं. आई आडवी आली, म्हणाली, पुन्हा विहीर गाठली तर? भीती मलाही होती, तिच्याहून जास्तच. पण बैलगाडी जुंपली, दादाला बसवलं आणि सोमवारी सकाळी कुलूप डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. मान वर करायची हिंमत नव्हती. डॉक्टर उठले, कुलूप त्या रिकाम्या खिळ्याला अडकवलं आणि मला म्हणाले, "रघुनाथ, मिक्श्चर करायला घे. भाऊ आहे म्हणून डोस वाढवू नकोस."

बाहेर येऊन मी ढसाढसा रडलो. लाज गेली म्हणून की राहिली म्हणून, कोण जाणे.

*

दादा दवाखान्यातच राहिला. डॉक्टरांनी विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या, बादली जाईल एवढंच तोंड ठेवलं. तरी मी बाटल्या भरताना एक डोळा त्याच्यावर ठेवून असायचो. तो विहिरीकडं दोन पावलं गेला तरी बाटली खाली ठेवून मी दारात यायचो. तो आपला हौदाच्या कठड्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघायचा. झोप लागायला लागली, अंग भरलं, हजामत करून घ्यायला लागला. बोलणं मात्र नाही. तीन वर्षं झाली होती त्याचा आवाज ऐकून. आई दर बाजाराला यायची, तोंडावरनं हात फिरवायची आणि एकच विचारायची, बोलला का?

हुसेनभाईनं त्याचंही खुरपं करून दिलं. मग दादा आवारातलं गवत काढायला लागला.

एका दुपारी मी बाहेर आलो तर गंगूबाईंनी पोटच्या पोरासारखी वाढवलेली कोथिंबीर दादानं मुळासकट उपटून नीट जुडी लावून ठेवलेली. ओट्यावर दहाबारा पेशंट. कामाचा ताण, ऊन, माझ्या तोंडून गेलंच, "अरे येड्या, ते गवत नव्हं!"

ओट्यावरची माणसं बादलीकडं बघायला लागली. गंगूबाई दारात थांबल्या.

दादानं खुरपं खाली ठेवलं. हात धोतराला पुसले. विहिरीपाशी गेला. त्यानं बादली उचलली, आणून माझ्या पायाशी ठेवली.

"पानी भर," दादा म्हणाला.

गंगूबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी बादली घेतली. दोर हातातनं निसटत होता, मला नीट दिसतही नव्हतं. नियमाप्रमाणं दोन बादल्या शेंदल्या, हौदात टाकल्या आणि बादली जागेवर ठेवायला वळलो.

"रघ्या," दादा कठड्यावर बसत म्हणाला, "घरी म्हनायचास, त्येचं बी भर."

मी विचारलं, "किती, दादा?"

"भर. कवा थांबायचं त्ये म्या सांगतो."

मी भरत राहिलो. पेशंट ताटकळले, डॉक्टरांनी स्वतः मिक्श्चरं केली, कुणी मला हाक मारली नाही. ऊन कललं, हौद भरून कडेनं वाहायला लागला, आणि दादा अजून थांब म्हणाला नव्हता.