मूर्तीपुढं ठेवलेलं इंजेक्शन

आधीच सांगून टाकते, मी भाविक बाई नाही. निदान तेव्हा तरी नव्हते. आमचं घर बौद्ध. त्रिसरण-पंचशील लहानपणापासून तोंडपाठ, पण तोंडपाठ असणं वेगळं आणि मनात असणं वेगळं. लग्नाला नऊ वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा हा फरक मला चांगलाच कळला. आमच्या धम्मात नवस नाही, कुणापुढं पदर पसरणं नाही. मग ज्याला काही हवंय त्यानं जायचं तरी कुठं, असा राग मनात साठत गेला. आम्ही नवरा-बायको आयर्लंडला राहतो, घराजवळ एक चर्च आहे. तिथं मी दोनदा चोरून मेणबत्ती लावून आले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यानं काही झालं नाही, वरून आपण घरच्यांशी लबाडी केली ही चुटपुट तेवढी लागली.

मी तिथं वृद्धाश्रमात काम करते, नवरा एका कंपनीत आहे. टेस्ट ट्यूब बेबीचा एक प्रयत्न तिथंच करून पाहिला. तो फसला, आणि दुसरा करण्याची आमची ऐपत राहिली नाही. तिथले गोरे लोकसुद्धा स्वस्तात होतं म्हणून विमानात बसून दुसऱ्या देशात जातात आणि हे उपचार करून घेतात, हे मला तिथल्या दवाखान्यातच कळलं. त्यांना देश शोधावा लागतो, आमचा आयताच होता. मी तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून परभणीला आईकडं आले. दवाखाना नांदेडचा, रेल्वेनं तासाभराच्या वाटेवर. नवरा आठ दिवसांसाठी आला, त्याच्या वाटचं काम करून परत गेला. माझं वय एकोणचाळीस, रजा पुन्हा मिळणार नव्हती. हे जमलं नाही तर आई होणं विसरायचं, हे आम्ही दोघांनी फोनवर बोलून ठरवलं होतं. नातेवाइकांना मात्र सहज आले असं सांगितलं. मे महिन्यात परभणीला सहज कोण येतं, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते, पण कुणी विचारलं नाही.

डॉक्टरांनी रोज संध्याकाळी सहा वाजता पोटात टोचायची इंजेक्शनं दिली होती. एकही दिवस चुकवायचा नाही, आणि औषध सतत फ्रीजमध्ये ठेवायचं, गरम झालं तर वापरायचं नाही, असं दोनदा बजावलं होतं. बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेला इंजेक्शनांचा डबा मी नांदेडहून मांडीवर घेऊन आले. गाडीतल्या एका बाईनं लेकरू झोपलंय का म्हणून विचारलंही. माझं मीच टोचायला शिकले. मी सुई हातात घेतली की आई भिंतीकडं तोंड करून उभी राहायची आणि झालं का, झालं का, असं विचारत राहायची.

आता आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. घरात नवी वस्तू आली की ती आधी बुद्धमूर्तीपुढं जाते. शाळेची पुस्तकं, माझा पहिला पगार, पासपोर्ट, एवढंच काय, नवा कुकरसुद्धा फुलांमध्ये बसून आलेला आहे. आई अंगणवाडी सेविका होती, निवृत्त झाली, तशी ही रीत जास्तच कडक झाली. यात मागणं काही नसतं. आई म्हणते, "मागायचं न्हाई. दाखवायचं अन् आपल्या कामाला लागायचं." इंजेक्शनं आणली त्या दिवशी मी डबा सरळ फ्रीजमध्ये ठेवला आणि तिला हातही लावू दिला नाही. तिच्या मनात ते राहून गेलं होतं.

वैशाख पौर्णिमेला ते बाहेर आलं. सकाळी पांढरं लुगडं नेसून आईनं फुलं मांडली, दोन बाजूंना मेणबत्त्या लावल्या आणि मधोमध माझा डबा ठेवला. पाच मिनिटांची वंदना, मग पुन्हा फ्रीजमध्ये, असा तिचा हिशेब. एवढ्यात विहारातल्या बायका बोलवायला आल्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायची खीरदानाची खीर खाली लागत होती आणि मोठा उलथणा आमच्याकडं होता. आई उलथणा घेऊन धावली ती खिरीतच अडकली. मी आतल्या खोलीत कपाळावर ओला रुमाल ठेवून पडले होते. साडेतीनला उठून सवयीनं फ्रीज उघडला तर डबा जागेवर नव्हता. तो मूर्तीपुढं सापडला. मेणबत्ती वितळून त्याच्या कडेला चिकटली होती, आणि आतली तिन्ही इंजेक्शनं हाताला कोमट लागत होती.

आई खिरीचा डबा घेऊन दारात आली तेव्हा मी काय बोलले ते लिहायची लाज वाटते. पण खरं सांगायला बसले आहे तर लिहिते. मी म्हणाले, तुझ्या बुद्धानं माझं लेकरू खाल्लं. आईनं खिरीचा डबा खाली ठेवला आणि डोळे मिटले. मी नांदेडला फोन लावला. सिस्टरनं डॉक्टरांना विचारून सांगितलं, ते औषध वापरू नका. माझ्यासाठी मागवलेलं सगळं मला देऊन झालं होतं, नवं उद्या दुपारी येणार होतं. परभणीतली पाच मेडिकलं विचारून झाली. असलं औषध कुणी ठेवत नाही. फोन ठेवून मागं पाहिलं तर आई घरात नव्हती. विहारात जाऊन रडत बसली असेल, रडू दे, असं मला वाटलं. इतकी मी कडू झाले होते.

पावणेपाचला ती परत आली ती एका बाईला घेऊन. तिशी ओलांडलेली, रापलेल्या चेहऱ्याची, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. ओल्या टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा तिनं छातीशी धरला होता. नाव शोभा, राणीसावरगावची, शेतकऱ्याच्या घरातली. परभणीत भावाकडं राहायला होती. भाजी आणायला निघाली होती, ऊन लागलं म्हणून विहाराच्या मांडवात सावलीला थांबली, तर कुणीतरी तिच्या हातात खिरीची वाटी दिली. शेजारी पायरीवर माझी आई रडत बसलेली. शोभानं विचारलं, "माय, सणाच्या दिवशी कामून रडायलाव?" सख्ख्या बहिणीपासून लपवलेली गोष्ट आईनं त्या अनोळखी बाईला सगळी सांगून टाकली. औषधाचं नाव आईला येत नव्हतं. पांढरा डबा अन् वर निळी पट्टी, एवढंच ती सांगू शकली. शोभानं वाटी तशीच खाली ठेवली. तसलाच डबा तिच्या भावाच्या फ्रीजमध्ये पडून होता, दोन इंजेक्शनं न फोडलेली. तीही त्याच दवाखान्यात जात होती. चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तिचे उपचार थांबवले होते. औषध तिच्या अंगी लागत नव्हतं.

डब्याचा, तारखेचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. सिस्टर शोभाशी बोलली, फ्रीज मधल्या काळात कधी बंद पडला होता का ते खोदून खोदून विचारलं. भावाकडं इन्व्हर्टर होता. मग डॉक्टर स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, घ्या, चालेल. सहा वाजायला दहा मिनिटं होती. मी सुई दोनदा हातात घेतली आणि दोनदा खाली ठेवली. शोभानं पदर खोचला, माझ्या पोटाची कातडी दोन बोटांत धरली आणि म्हणाली, "श्वास सोड. मी सतरा घेतल्यात, मला सवय हाय." आई भिंतीकडं तोंड करून झालं का, झालं का, असं विचारत उभी. आम्हाला दोघींना एकदमच हसू फुटलं, आणि हसता हसताच सुई टोचून झाली.

मग मी तिला विचारलं, तुला देववलं कसं? बांगड्या मागं-पुढं करत ती म्हणाली, "महं काम झालं न्हाई. फेकून द्यायचं तर जिवावर आलतं. चार दिवस झालं, रोज फ्रीज उघडून बघायलते अन् बंद करायलते. आता हिकडं लागलं, बरं झालं." त्यानंतर आम्ही तिघींनी मिळून ती थंड झालेली खीर खाल्ली. नऊ वर्षांत एवढी गोड खीर मी खाल्ली नव्हती, हे मात्र अगदी खरं आहे.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून नवं औषध आलं, पुढचं सगळं वेळेवर झालं. दोन गर्भ तयार झाले, त्यातला एक रुजला. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मी नवऱ्याला फोन लावला आणि दोघंही नुसते रडत बसलो. फेब्रुवारीत आयर्लंडला मुलगी झाली. जन्मली तेव्हा तिच्या डोक्यावर इतके दाट केस होते की तिथल्या नर्स एकमेकींना बोलावून दाखवत होत्या.

सहाव्या महिन्यात, श्रावण पौर्णिमेला, आम्ही तिला घेऊन परभणीत होतो. सकाळी मी तिला फुलांमध्ये मूर्तीपुढं ठेवलं. तिनं पहिला मोगरा तोंडात घातला. मग मी आईचे पाय धरले आणि त्या दिवशी बोललेलं वाक्य परत घेते म्हणून सांगितलं. आई म्हणाली, "ते मी तेव्हाच विसरले, तू कामून धरून बसलीस?" आईनं त्या दिवशी डबा फ्रीजमध्येच राहू दिला असता तर काय झालं असतं? काही झालं नसतं, इंजेक्शनं चांगली राहिली असती आणि कदाचित मुलगीही झाली असती. मी यावर कुणाशी वाद घालत नाही. पण मग शोभा आमच्या घरी आली नसती, आणि मी कडू ती कडूच राहिले असते. आता मी मागत नाही. जे असेल ते दाखवते आणि कामाला लागते. यात किती हलकं वाटतं, ते मला आधी कुणी सांगून पटलं नसतं.

त्याच दिवशी खिरीचा डबा घेऊन आम्ही राणीसावरगावला गेलो. मुलीचं उष्टावण करायचं होतं. हा मान मामाचा, पण मला भाऊ नाही. शोभानं अंगणात सतरंजी टाकली, मुलीला घेतलं, तिचे केस हुंगले. मी चमचा शोभाच्या हातात दिला तशी तिनं हात मागं ओढला. आत ओसरीवर तिची सासू बसली होती. शोभा खाली बघून म्हणाली, "मह्या हातानं नको, ताई. लेकराचा पहिला घास हाय."

आईनं तिचं मनगट धरून चमचा पुन्हा तिच्या बोटांत दिला.

"पहिला घास तू कवाच दिलास बाई," आई म्हणाली. "हा दुसरा हाय."

शोभानं डोळे पुसले आणि चमचा पुढं केला. मुलीनं खीर चाटली, तोंड वाकडं केलं, विचार केला, आणि पुन्हा आ केला.