सूप की तूप

झाशीच्या सदर बाजारात गोविंदराव फौजी लोकांसाठी पत्र्याच्या ट्रंका बनवत. चाळीस वर्षं हातोडा चालवून त्यांनी दुकान पुतण्याकडे सोपवलं. पुढच्याच वर्षी, २००९ साली, त्यांच्या बायकोला, कुसुमावतींना, पक्षाघाताचा झटका आला. हातपाय दोन महिन्यांत बरेच सुधारले. जीभ मात्र वळेना. म्हणायचं एक, तोंडून यायचं त्याच्या जवळचं दुसरंच.

उच्चारांचे धडे देणाऱ्या कांचन मॅडम हिंदी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या चित्रजोड्या करायला सांगितल्या. गोविंदरावांनी त्या घरच्या मराठीत केल्या: कान आणि पान, ताट आणि पाट, सूप आणि तूप. कुसुमावतींनी एक शब्द म्हणायचा, गोविंदरावांनी ऐकून चित्रावर बोट ठेवायचं.

"चेहरा मत देखिएगा, अंकलजी," मॅडमनी बजावलं. "सिर्फ़ सुनिए."

म्हणून रोज सकाळी ते बायकोकडे पाठ करून बसत. त्या शब्द म्हणत, ते बोट ठेवत. मग वळून बघावं, तर कुसुमावती नकारार्थी मान हलवून दुसरं चित्र दाखवत असत.

"तूप म्हणालीस? मला सूप ऐकू आलं. सावकाश म्हण."

पुन्हा तेच. ते वहीत फुली मारत. रागावले कधीच नाहीत, उलट दर वेळी म्हणत, "जमेल गं, जमेल." तेराव्या दिवशी कुसुमावतींनी तोंडच उघडलं नाही. चित्रं गोळा करून त्यांनी उशीखाली सारली आणि भिंतीकडे तोंड केलं.

गोविंदराव त्यांना रिक्षात घालून मॅडमकडे घेऊन गेले. खूप मनधरणीनंतर कुसुमावती एकेका चित्रावर बोट ठेवत पुटपुटल्या, "तूप. कान."

मॅडमनी त्या चित्रांखाली लिहिलेले शब्द वाचले. "आंटी तो साफ़ बोल रही हैं."

मग त्यांनी वहीने आपलं तोंड झाकलं आणि गोविंदरावांना सहा शब्द ऐकवले. चार चुकले.

"कब से कम सुनाई देता है?"

दुकानातल्या ठोकाठोकीत गोविंदराव वर्षानुवर्षं समोरच्याचे ओठ बघूनच बोलणं समजून घेत आले होते. आपल्याला ऐकू येतं, असंच त्यांना वाटत होतं.

ते बायकोकडे वळले. "मला वाटलं, तुझंच चुकतंय."



कानाचं मशीन आलं. गोविंदरावांना पंखा ऐकू येऊ लागला, नळ ऐकू येऊ लागला. ते रोज चित्रं मांडत. "आता येतं गं ऐकू. एकदाच म्हण." त्या त्यांच्या हातावर हात ठेवत आणि गप्प राहत. जबरदस्ती करू नका, असं मॅडमही म्हणाल्या. चहा हवा असला की कुसुमावती बोटाने कप दाखवत.

रविवारी नागपूरहून लेकीचा, बकुळाचा, फोन येई.

"आई बोलते का, बाबा?"

ते फोन कुसुमावतींच्या कानाशी धरत. पलीकडून बकुळा विचारत राही, आणि इकडे आई नुसती मान हलवत राही.