दहा भाग कोंडा

माझ्या रोजच्या वहीत स्वयंपाक, आजारपणं, कोण आलं, कोण गेलं आणि शेवटी देवाचं नाव, एवढंच असतं. माणसांबद्दल मी फारसं लिहीत नाही. पण भावजींबद्दल लिहायला हवं, कारण त्यांच्या कामापायी मी अशाच एका जुन्या वहीत सतरा वेळा खोटं लिहिलं आहे.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही, आमच्याच घरी वरच्या खोलीत राहिले. मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात ते प्रयोगशाळेत कामाला होते. तिथे मका कोमट पाण्यात भिजवतात, भरडतात, कोंब तेलासाठी वेगळा काढतात, स्टार्च धुऊन घेतात. मागे उरते ती दाण्याची साल, ओली, आंबूस वासाची. ती ट्रक भरभरून गुरांच्या खाद्याला जायची. भावजींचा सगळा जीव त्या सालीत.

“वहिनी, पोटाला हवा तो चोथा आपण गुरांना घालतो आणि स्वतः नुसता मैदा खातो,” ते म्हणायचे. “ही साल नीट धुतली, वाळवली, पिठासारखी बारीक दळली, तर पावात खपून जाईल. पोट साफ राहील लोकांचं.”

सासूबाई तेव्हा होत्या. त्या पलंगावरून म्हणायच्या, “लोकांचं राहू दे, आधी मला दे. आज तिसरा दिवस आहे.”

कारखान्यात त्यांना सगळे कोंडोबा म्हणत. तेही हसून ओ देत. पण एकदा मोठ्या साहेबांनी मनावर घेतलं. म्हणाले, घरी करून बघा, नोंदी आणा, जमलं तर बेकरीत चाचणी घेऊ. घरी पाव करणारी मी. भावजी त्या सालीचा कोंडा प्रयोगशाळेत तोलून पुड्या बांधून आणायचे. एक किलो पिठाला एक पुडी, म्हणजे शंभर भागांना दहा. मी किती पीठ, किती कोंडा, किती पाणी, पाव कसा फुगला, सगळं वहीत टिपायचं.

पहिला पाव मी पुरी पुडी घालून केला. कणीक पाणी पीत सुटली, पाव फुगलाच नाही. हे एक घास चावून म्हणाले, “धाकट्याला सांग, आम्हाला अजून शिंगं फुटलेली नाहीत.” मुलांनी कडा काढून ठेवल्या. भावजींनी मात्र पाण्याच्या घोटाबरोबर तीन तुकडे संपवले आणि म्हणाले, “होईल हळूहळू. पण दहाच हवेत वहिनी. नावापुरतं घालून काय उपयोग?”

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. पुढच्या वेळी मी अर्धीच पुडी घातली, उरलेली शेजारच्या गाईला टाकली. पाव छान फुगला. भावजींनी तुकडा खिडकीपाशी उजेडात धरला, बोटाने दाबला.

“दहाला एवढा मऊ?”

“हो,” मी म्हटलं. वहीत लिहिलं, कोंडा दहा भाग. पाण्याचं माप मात्र जे घातलं तेच लिहिलं. प्रार्थनेला बसले तेव्हा जरा टोचलं, पण मनाची समजूत घातली, की एका माणसाला आनंद झाला, नुकसान कुणाचं झालं? असे एकूण सतरा पाव केले.

बेकरीतल्या चाचणीला माझ्याच नोंदी गेल्या. दहा भाग कोंडा, आणि पाणी मात्र पाच भागांना पुरेल एवढंच. कणीक कोरडी पडली, हातात तुटायला लागली. भट्टीतून विटा निघाल्या. बेकरीवाला म्हणाला म्हणे, “कोंडोबा, दाराला टेकण हवंच होतं.” साहेब तडक निघून गेले.

भावजी घरी आले, बूट काढता काढता म्हणाले, “वहिनी, तुमचं बरोबर होतं. माझंच दळणात कुठेतरी चुकलं.” मी हातातलं भांडं घासत राहिले. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. महिनाभरात त्यांना प्रयोगशाळेतून फाटकावरच्या वजनकाट्यावर बसवलं. तीच साल भरलेले ट्रक तोलत त्यांनी अकरा वर्षं काढली. निवृत्तीपर्यंत.

गेल्या आठवड्यात दुपारी ते पुड्यांचा कोंडा चाळायची जुनी चाळण काढून बसले होते. म्हणाले, “जाळी जाड होती का, तेच बघतोय.” इतकी वर्षं झाली, तरी स्वतःचीच चूक शोधत होते. मग मला राहवेना. तेव्हाची वही आणली आणि सगळं सांगितलं.

ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “पाणी पाचाचं होतं?”

“हो.”

“तरीच.” त्यांनी चाळण बाजूला ठेवली. “साहेब पाचालाही तयार होते, वहिनी. म्हणाले होते, कमी घाला पण पाव चांगला होऊ द्या. मीच म्हटलं, आमच्या वहिनींना दहा जमतात, तर कमी कशाला?”

मी म्हटलं, “आता जाऊन सांगता नाही का येणार?”

“कुणाला? साहेब जाऊन तीन वर्षं झाली. तिथे आता मला ओळखतंय कोण?”

त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली, पेन दिलं. प्रयोगशाळेत चुकलेली नोंद खोडून टाकत नाहीत. तिच्यावरून एकच रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, आणि शेजारी खरा आकडा लिहून सही करायची. त्यांनी मला तसं करायला लावलं. दहावर रेघ, शेजारी पाच, माझी सही. सतरा वेळा. ते एकेक पान तपासत होते. शेवटचं झाल्यावर वही मिटून वर निघून गेले.

संध्याकाळी जेवायला हाक मारली तरी उतरले नाहीत. मी ताट घेऊन वर गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“ठेवा तिथे,” म्हणाले.

मी ताट ठेवलं. तीस वर्षांत मी आणलेलं ताट भावजींनी ‘वहिनी’ म्हटल्याशिवाय कधी घेतलं नव्हतं.