भोंगा दुसऱ्यांदा फिरला

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. पण नळदुर्गात लोक मला ओळखतात ते आवाजावरून. दुकानाचं उद्घाटन असो, कुस्त्या असोत की नळाला पाणी येणार नसो, भोंगा बांधलेल्या रिक्षात मागं बसून गल्लोगल्ली ओरडणारा माणूस तो मीच. माईक हातात आला की माझी उंची दोन इंचांनी वाढते. बायको म्हणते, अक्कल तेवढीच कमी होते.

गेल्या वर्षी अख्ख्या वस्तीचा जीव एका पायात अडकला होता. पाय शेजारच्या पोरीचा. बारावीला होती. तिची आई मला भाऊ मानते, म्हणून मी तिचा मामा. शाळेच्या कोर्टवर ती बास्केटबॉल खेळायला लागली की हायवेवरचे ट्रकवाले चहाचे कप घेऊन कुंपणापाशी उभे राहत. आदल्या वर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या सामन्यात तिनं उमरग्याच्या मुलींना असं काही पळवलं की कॉमेंटरी करताना माझे वाघीण, वीज, तोफ सगळे शब्द संपले आणि शेवटी मी नुसताच "अगं बाई! अगं बाई!" करत राहिलो.

दिवाळीनंतर तिच्या डाव्या पायाच्या, करंगळीकडच्या हाडाला तडा गेला. सोलापूरच्या डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले. मग आणखी सहा. मग म्हणाले, हे हाड हट्टी असतं, घाई करू नका. डॉक्टरांचं बरं होतं. जयंती आम्हाला होती.

टपरीवर रोज सभा भरायची.

"माझ्या म्हशीचा पाय मोडला व्हता," म्हशीवाले काका सांगायचे, "तीन आठवड्यात उठून मलाच लाथ मारली तिनं."

"मग म्हशीलाच घ्या की संघात," मी म्हणायचो.

हसायचो, पण आतून कुढायचोही. कुणी म्हणे पोरगी घाबरली, कुणी म्हणे लई लाड चाललेत. ती दूध आणायला बाहेर पडली की बघणाऱ्याची नजर आधी पायाकडं जायची, मग तोंडाकडं. मीही त्यातलाच. रोज दारातून विचारायचो, "काय म्हणतोय आपला पाय?" आपला! जणू वर्गणी काढून घेतला होता.

जयंतीला पाच दिवस उरले तेव्हा सामन्याची दवंडी द्यायला निघालो. संध्याकाळची वेळ, कोपऱ्याकोपऱ्यावर निळे झेंडे. कागदावर होतं तेवढंच वाचलं असतं तर काही झालं नसतं. पण बाजारात कुणीतरी ओरडलं, "ती खेळणार का, ते सांगा!" सगळे चेहरे माझ्याकडं वळले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "होय! आपली वाघीण मैदानात उतरणार!" टाळ्या पडल्या. मग काय, पुढच्या प्रत्येक गल्लीत वाघीण उतरतच गेली.

घरी आलो तर बायको दारात.

"तिला विचारलं व्हतं का?"

"न्हाय."

"तुमच्या जिभेला हाड असतं ना, तर आज मीच त्याला प्लास्टर घातलं असतं."

पोरगी मात्र चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मामा, तुम्ही गावाला सांगितलंय. आता उतरते मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पीकरच्या जागा बघायला मैदानावर गेलो. कोर्टवर ती एकटीच, मला पाठमोरी. उडी मारायची, चेंडू बरोबर रिंगमधून जायचा, आणि खाली येताना ती फक्त उजव्या पायावर यायची, बगळ्यासारखी. मग खांबाला धरून तोल सावरायची. चार-पाच वेळा असं झालं. एकदा डावा टेकला. ती खाली बसली, बूट काढला आणि पाय दोन्ही हातांत धरून बराच वेळ तशीच राहिली.

मी सरळ घरी आलो आणि रिक्षावर पुन्हा भोंगा बांधला.

माईक हातात आला, पण त्या दिवशी उंची काही वाढली नाही. "ऐका हो ऐका! काल ह्या भोंग्यातून एक खोटं बोललं गेलं. बोलणारा मीच. आपली पोरगी यंदा खेळणार न्हाय. हाड जुळायचंय अजून. राग आला असंल तर मला बोला. तिच्या पायाकडं बघू नका. तोंडाकडं बघा, जेवलीस का म्हणून विचारा!"

टाळी पडली नाही. एकानं शिट्टी मारली, ती मी मान लववून स्वीकारली.

तिच्या गल्लीत शिरलो तर ती एका पायात बूट घालून दारात उभी. तिनं हात करून रिक्षा थांबवली.

"मामा, एकदा सांगितलं की कळतं गावाला. सकाळपासून सात वेळा ऐकलं मी."

"मग थांबू का?"

"न्हाय," ती म्हणाली, शेजारी चढून बसली आणि डावा पाय हळूच समोरच्या साउंडच्या खोक्यावर ठेवला. "खालची गल्ली राहिलीय. चला."

जयंतीला उमरग्यानं आम्हाला सडकून हरवलं. ती माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती, पाय त्याच खोक्यावर. मध्यंतरात म्हशीवाले काका गर्दीतून वाट काढत आले. मान ताठ, नजर थेट तिच्या कपाळावर.

"जेवलीस का गं?"

"व्हय काका. तुमी?"

"जेवलो की."

जायला वळताना काकांची नजर एकदाच, चोरून खाली गेली. मी पाहिलं, तिनंही पाहिलं. तिनं पायाची बोटं तेवढी हलवून दाखवली.